इन लिस्टमधी हजाराच्या वर आयडी गेल्या अन् रिपोर्ट बंद पडला

लातूरला आडतीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो मी, ऐन सोयाबीनच्या सीझनमधी पावत्यांचा रिपोर्टच निघंना, लॉगमधी ओआरए-०१७९५, म्हणजे लिस्टमधी लई जास्त नोंदी झाल्याची एरर. कोड उघडून बघितला तर सगळ्या पावत्यांच्या आयडी स्वल्पविराम लावून क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातल्या) इनच्या, म्हणजे 'यापैकी कोणतीबी आयडी' या अटीच्या, कंसात कोंबलेल्या, अन् आमच्या ओरॅकल १९सी डेटाबेसला एका लिस्टमधी १००० च्या वर चालतच नाहीत. आधी ५००-५०० चे तुकडे करून लूप फिरवला, चाललं पण मनाला पटलं नाही, एका रिपोर्टला किती क्वेऱ्या मारायच्या! मग ग्लोबल टेम्पररी टेबल (तात्पुरता डेटा ठेवायचं टेबल) केलं, त्यात आयडी बॅचनं टाकल्या अन् सरळ पावत्यांशी जॉइन लावला, म्हणजे आयडीवरून दोन्ही टेबलं जोडली, कमिट (व्यवहार पक्का) झालं की ते आपोआप रिकामं होतंय. अजून एक, लिस्ट रिकामी आली की पहिले इनचा कंस रिकामा राहून एरर यायची, आता नुसत्या शून्य ओळी येतात.