ट्रकचा गिअर टाकायला कसं शिकावं? हेवीच्या (जड गाडीच्या लायसन्सच्या) टेस्टला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडं बीड, जालना, लातूरला पोरं पिकअप, ट्रॅक्टर एकदम सराईत चालवतात, पण हेवीच्या टेस्टसाठी ट्रकवर बसली की गिअरपाशीच अडकतात. कारची सवय असते ना, क्लच दाबला की लगेच ओढला गिअर, तसं ट्रकमधी केलं की करकर आवाज येतो आणि पोरगं घाबरून अजून जोर लावतं.

आधी कागदाचं बघून घ्या. वय २० पूर्ण पाहिजे, हलक्या गाडीचं लायसन्स निदान १ वर्ष जुनं पाहिजे, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (शिकल्याचा दाखला) लागतो. लर्निंग निघाल्यावर पक्क्या टेस्टला ३० दिवस थांबावंच लागतं, ते दिवस गिअरवर घालवा.

सुरुवातीला गाडी बंद ठेवूनच बसा. दांड्याच्या मुठीवर गिअरचा नकाशा असतो, प्रत्येक गाडीचा वेगळा, तो पाठ करा. मूठ आवळून धरू नका, तळहात नुसता वर ठेवा. क्लच पूर्ण तळाला दाबून पहिला, न्युट्रल, दुसरा, न्युट्रल असं खाली न बघता हाताला सापडेपर्यंत करत रहा. एखादा गिअर अडला तर ढकलू नका, दातावर दात आलेला असतो, इंजिन चालू असेल तेव्हा न्युट्रलमधी क्लच सोडून परत दाबा की बसतो.

मग इंजिन चालू करा आणि ब्रेकची हवा भरू द्या. प्रेशरचा लाल दिवा आणि बझर बंद झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गाडी भरलेली असेल किंवा चढ असेल तर पहिल्यातच उचला, सपाटीला रिकामी गाडी दुसऱ्यातही उचलते.

आता डबल क्लच. वरचा गिअर टाकताना रेस सोडा, क्लच दाबा, न्युट्रल करा, क्लच सोडा, इंजिनचा आवाज खाली बसेपर्यंत जरासं थांबा, परत क्लच दाबा आणि वरचा टाका. हे थांबणंच लोकांना जमत नाही. नव्या गाड्यांत सिंक्रो (आतल्या दातांचा वेग आपोआप जुळवणारा भाग) असतो, तिथं वर जाताना एका क्लचात काम होतं, पण शिकायची गाडी बहुतेक झिजलेली असते म्हणून दोन्ही आलं पाहिजे.

खालचा गिअर खरा अवघड. क्लच दाबून न्युट्रल करा, क्लच सोडा आणि त्याच वेळी रेसला एक ठोका द्या, मग क्लच दाबून खालचा टाका. खालच्या गिअरला त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरलेलं लागतं, तो ठोका आतले दात त्या वेगाला आणतो. क्लच सोडल्याशिवाय ठोका दिला तर काही उपयोग नाही, कारण इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. ठोका बरोबर बसला की गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो, दांड्याची थरथर हाताला कळते.

मी नवा असताना मांजरसुंब्याच्या घाटात कापसाची भरलेली गाडी चढवत होतो, तिसऱ्यातून दुसरा टाकायला उशीर केला. इंजिन धापा टाकायला लागल्यावर तिसरा काढला, दुसरा पडेना, गाडी उभी राहिली आणि मागं सरकायला लागली, मागं उसाचा ट्रॅक्टर. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावलं. तेव्हापासून सांगतो, चढ दिसला की इंजिनात दम असतानाच खालचा टाका.

उताराचा गिअर माथ्यावरच ठरवा, उतार सुरू व्हायच्या आधी. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. डिझेल वाचवायला न्युट्रल करणारे लई आहेत, कृपा करून त्यांचं ऐकू नका, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि मग धरत नाही. क्लच दाबून उतरणं म्हणजे पण न्युट्रलच.

टेस्टला चढावर थांबवून मागं न सरकता परत उचलायला सांगू शकतात. हँडब्रेक लावा, पहिला टाका, क्लच हळूहळू सोडा, इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडी पुढं दाबल्यासारखी वाटली की थोडी रेस देऊन हँडब्रेक सोडा. तिथंच हाफ क्लचवर लोंबकळत राहू नका, क्लचप्लेट जळते, तो वास एकदा आला की विसरत नाही. बाकी वेळी डावा पाय क्लचवर न ठेवता बाजूला ठेवा.

आणि टेस्टमधी गिअर चुकलाच तर खाली दांड्याकडं बघू नका, नजर रस्त्यावर ठेवा, न्युट्रल करा, क्लच सोडा, ठोका द्या, परत क्लच दाबून टाका.