सरकारी खात्यांचा डेटा जोडताय? मग या चुका टाळा

नवीन सॉफ्टवेअर घेतलं की सगळी खाती आपोआप जोडली जातात असं ज्याला वाटतं त्याने सोलापुरात येऊन फक्त एक मल्लिकार्जुन शोधून दाखवावा. एका यादीत मल्लिकार्जून, दुसरीत मल्लीकार्जुन, इंग्रजीत एल एक का दोन ते टायपिंगवाल्याच्या मूडवर, त्यात आमच्या पूर्व भागात तेलुगू घरांत आडनाव आधी लावतात आणि फॉर्मला रकाने तीनच. मशीनला एकाच माणसाचे चार दिसतात.

मग लोक काय करतात, जुळणी ढिली करतात, थोडंफार जुळलं तरी 'सापडला'. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अमेरिकेत २००४ साली सिनेटर एडवर्ड केनेडींना विमानतळावर परत परत अडवलं, का तर संशयितांच्या यादीतल्या एका नावाशी नाव जुळत होतं. आणि उलटं पण होतं बरं का, ९/११ च्या हल्लेखोरांपैकी दोघं सीआयएला आधीपासून माहीत होते पण वॉचलिस्टवर, म्हणजे संशयितांच्या यादीवर, नाव गेलं ते ऑगस्ट २००१ मध्ये, तोवर ते देशात शिरले होते. म्हणून नाव जुळलं तर तो फक्त इशारा समजा, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता यातलं अजून काहीतरी जुळू द्या आणि शेवटचा टिक माणसाने करावा.

आपल्याकडे २६/११ नंतर वेगवेगळ्या खात्यांचा डेटा तपास यंत्रणांना एका जागी बघता यावा म्हणून नॅटग्रिड आलं, पोलीस ठाणी जोडायला २००९ मध्ये सीसीटीएनएस मंजूर झालं, पण खाली टेबलावरचा घोळ तोच. जुना मराठी डेटा बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, नसतो, कॉपी केला की नुसता कचरा दिसतो, कन्व्हर्टर लावला तरी जोडाक्षरं हाताने तपासाच. एक्सेलमध्ये बारा अंकी नंबर टाकण्याआधी रकाना टेक्स्ट करून घ्या, नाहीतर तो १.२३ई+११ असं काहीतरी दाखवतो. एमएच १३ ची, म्हणजे सोलापूरची, गाडी कुणी डॅश देऊन लिहितं कुणी जागा सोडून, दोन्ही काढून टाका मग जुळवा. ०३/०४ म्हणजे मार्च का एप्रिल हे आधीच विचारा.

हद्दीचं काय? शहराला आयुक्तालय, ग्रामीणला एसपी, पंढरपूर ग्रामीणमध्ये, म्हणजे आषाढीचा बंदोबस्त एकाकडे आणि शहरातल्या गड्डा यात्रेचा दुसऱ्याकडे. कोण काय बघणार आणि कुणी बघितलं याचा लॉग, हे आधी कागदावर ठरवा, नंतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता आमचीच फजिती सांगतो. एका कामात चुकून एका भल्या माणसाच्या नावापुढे लाल खूण लागली, आम्ही आमच्या यादीतून ती काढली, खूश झालो, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी खूण परत हजर! रात्रीच्या सिंकने मूळ खात्यातून तीच चुकीची नोंद परत ओढून आणली होती ओ. दुरुस्ती नेहमी मूळ नोंदीत करा, आणि त्या खात्यात ती कुणाच्या सहीने होते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, आम्हाला तो माणूस सापडायलाच तीन आठवडे लागले.