बाँडिंगच्या आदल्या संध्याकाळपासून

उद्या साडेदहाला वरच्या दहा दातांचं बाँडिंग, म्हणजे तारेसाठीचे ब्रॅकेट दातांना चिकटवण्याचं काम, तू करणार आहेस. पेशंट चौदा वर्षांची मुलगी, आईबरोबर घोडबंदर रोडवरून येणार, म्हणजे वीस मिनिटं उशीर धरूनच चाल. झालेला उशीर आपल्या कामातून भरून काढायचा नाही, अपॉइंटमेंट त्यासाठीच दीड तासाची दिली आहे. घाईत सगळ्यात आधी हात आखडतो तो धुण्यात आणि सुकवण्यात. एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपलेल्या असतात; एनॅमलचा जो थर गेला तो शरीर पुन्हा बनवत नाही. पुढचं सगळं एवढ्या एका कारणासाठी लिहितोय.

आज रात्री क्लिनिक बंद करण्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढून टाक. ठाण्याच्या पावसाळ्यात ही टाकी किती पटकन भरते ते मार्च-एप्रिलमध्ये रुजू झालेल्याला कळत नाही. सकाळी परत एकदा तपास: हवा-पाणी सोडणाऱ्या थ्री-वे सिरिंजची फक्त हवा कोरड्या माउथ मिररवर पाच-दहा सेकंद सोड आणि आरसा उजेडात तिरका धरून बघ. पाण्याचा बारीक थेंब किंवा तेलकट डाग दिसला तर त्या लाइनवर बाँडिंग करायचं नाही. एच केलेल्या, म्हणजे आम्लाने खरखरीत केलेल्या, दातावर तेलकट हवा गेली की ब्रॅकेट पंधरा दिवसांत हातात येतो. मग तोच दात पुन्हा साफ करा, पुन्हा एच करा. पडलेल्या प्रत्येक ब्रॅकेटमागे एनॅमलला हा दुसरा मार बसतो, म्हणून या तपासणीत मी कुणालाच सूट देत नाही.

कॉम्पोझिट, म्हणजे ब्रॅकेट चिकटवायची पेस्ट, फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढ, तारीख वाच. खिडकीचा पडदा ओढून घे आणि खुर्चीवरचा दिवा तोंडापासून वळवून ठेव, नाहीतर पॅडवरचं कॉम्पोझिट आपण ब्रॅकेट उचलेपर्यंतच घट्ट व्हायला लागतं. ही पेस्ट घट्ट करणारा क्युअरिंग लाइट चार्ज आहे का आणि टोकाच्या काचेवर जुनं कॉम्पोझिट चिकटलंय का, हेही आजच बघ. वीज मधेच गेली तर इन्व्हर्टरवर सक्शन चालतं याची खात्री आपल्या मदतनीस ताईंनी केली आहे.

मुलगी खुर्चीत बसली की पहिलं काम फोटो. ओठ बाजूला करून, दात सुकवून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. मग क्युअरिंग लाइट नव्हे, साधा पांढरा उजेड दाताच्या मागून टाकून एनॅमलमध्ये उभ्या बारीक चिरा आहेत का ते बघ. आधीपासूनचे पांढरे डाग, जास्त फ्लोराइडमुळे आलेले फ्लोरोसिसचे पट्टे, नीट न बनलेलं एनॅमल, दाताच्या कडेची जुनी फिलिंग, जे दिसेल ते फाइलमध्ये दातानुसार लिही आणि आईला आरशात दाखव. आज दाखवलेला डाग आजचा राहतो. दोन वर्षांनी तारा काढल्यावर पहिल्यांदा दिसला तर तो आपल्या नावावर जातो, आणि तेव्हा समजावण्यात काही अर्थ उरत नाही.

हिरड्यांतून रक्त येत असेल, दातांवर प्लाकचा, म्हणजे जंतूंचा चिकट, थर असेल, तर बाँडिंग उद्या करायचंच नाही. मुलीला शाळेला सुट्टी घ्यावी लागली, आईने अर्धी रजा टाकली, हे सगळं मला माहीत आहे. तरीही ब्रश शिकवून पंधरा दिवसांनी बोलव. आज ज्या मुलीला मोकळे दात साफ ठेवता येत नाहीत, तिच्या दातांवर धातूचे दहा कोपरे बसवून आपण तिचं काम अवघड करतो.

साफसफाईला तेल आणि फ्लोराइड नसलेलं प्युमिस (दात घासायची दगडाची पूड) पाण्यात कालवून घे, रबर कप लाव, वेग कमी ठेव, एका दाताला थोडेच सेकंद दे. ताठ केसांचा ब्रश वापरू नकोस, तो एनॅमल जास्त घासतो.

आता एचिंग. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन (कॉम्पोझिटमधलं चिकटणारं द्रव्य) धरतं हे दाखवलं, तेव्हा आम्ल ८५ टक्के होतं. आपल्या सिरिंजमध्ये ३७ टक्के आहे आणि त्याला १५ ते ३० सेकंद पुरतात. या वयाच्या निरोगी दाताला मी १५ देतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ताईंना मोठ्याने मोजायला सांग. मनात मोजलेले पंधरा सेकंद कधी आठ होतात, कधी चाळीस. जेल फक्त ब्रॅकेटचा तळ बसेल तेवढ्याच जागेवर. अख्ख्या दातावर पसरवलं की जिथे रेझिन येणारच नाही तिथलं एनॅमलही उगाच उघडं पडतं. मुलीला गॉगल घाल, जेल हिरडीला लागू देऊ नकोस. मग भरपूर पाण्याने धू आणि सुकव. दात खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. नाही दिसला तर आधी दाताकडे बघ: फ्लोरोसिस असेल तर तो आम्लाला दाद देत नाही, अशा वेळी मला हाक मार, स्वतःहून वेळ वाढवू नकोस. ब्रॅकेट टिकायला ६ ते ८ मेगापास्कल पकड पुरते. त्याहून फार घट्ट चिकटवून मिळत काही नाही, उलट काढताना ताण एनॅमलवर येतो. सिरॅमिक ब्रॅकेटबाबत मी सावध असतो तो याचसाठी. आणि सिरॅमिक एनॅमलपेक्षा कठीण असल्याने समोरचा दात त्यावर घासला तर झिजतो. उद्याचे ब्रॅकेट धातूचे आहेत.

सुकवल्यानंतर थुंकीचा एक थेंबही लागता कामा नये. लागला तर पुसून पुढे जायचं नाही. धुवायचं, सुकवायचं, थोडा वेळ पुन्हा एच करायचं. म्हणून दहाही दात एकदम घेऊ नकोस, पाच-पाच घे.

ब्रॅकेट बसवून दाबलास की तळाभोवती कॉम्पोझिट बाहेर येतं. ते लाइट लावण्याआधी प्रोबने, म्हणजे बारीक टोकाच्या हत्याराने, चारही बाजूंनी काढ, हिरडीकडची बाजू दोनदा बघ. हे मी ठासून सांगतो कारण प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून ते राहिलं. एका कॉलेजच्या मुलीच्या तारा काढल्या, दात सुंदर ओळीत आले होते, आणि वरच्या चार दातांवर ब्रॅकेटच्या आकाराच्या पांढऱ्या चौकटी उमटलेल्या. खरखरीत काठावर प्लाक साचला होता आणि मी दर महिन्याला तारेकडे बघत होतो. ती हसताना ओठ खाली ओढून घ्यायची. अशा साचलेल्या प्लाकखाली पांढरा डाग महिन्याभरातसुद्धा दिसू लागतो.

आपल्या लाइटने दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद. नंतर प्रोबने ब्रॅकेट हलतो का बघ, काठ पुन्हा चाचप, आणि ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश ब्रॅकेटभोवती लाव. व्हार्निश बाँडिंगच्या आधी कधीच नाही.

मुलीला आरसा देऊन तिच्याच हाताने ब्रश करायला लाव: तारेच्या वर, तारेच्या खाली, मग दातांच्या मधला बारीक ब्रश. मिसळ चालेल का, हे ठाण्यात प्रत्येक जण विचारतो. चालेल, फरसाण तर्रीत मऊ झाल्यावर. पण हळदीने ब्रॅकेटवरचे पारदर्शक रबर पिवळे होतात हे आधीच सांग. चिक्की, कच्चा पेरू, उसाचं कांडं दातांनी तोडायचं नाही. कोल्ड्रिंक बंद. पुढची तारीख चार आठवड्यांनी, आणि त्या दिवशी तारेआधी हिरडीजवळचा काठ बघायचा.

फाइल बंद करण्याआधी शेवटची ओळ लिही: कुठलं अॅडहेसिव्ह, त्याचा बॅच नंबर, किती सेकंद एच, कुठल्या दाताला चीर होती. दोन वर्षांनी हे ब्रॅकेट काढणारा हात कदाचित तुझा नसेल, माझाही नसेल. पक्कड कुठल्या दातावर जपून दाबायची ते त्याला त्या ओळीतूनच कळणार आहे.