परदेशातील छोट्या स्पेशालिटी कॉफीच्या दुकानात जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून मुलांकडे, नोकरीनिमित्त किंवा पर्यटनासाठी परदेशी गेलेली मंडळी तिथल्या छोट्या कॉफीच्या दुकानात एकदा जातात आणि बहुधा पुन्हा जात नाहीत. उडपी हॉटेलातील चिकोरी घातलेल्या, वाफाळत्या फिल्टर कॉफीची सवय झालेल्या जिभेला तिथला पहिला घोट आंबट लागतो, कॉफी कोमट वाटते आणि किंमत डोळ्यांत भरते. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण देशातील सुमारे ७० टक्के कॉफी आपल्याच कर्नाटकात पिकते आणि चांगली कॉफी ओळखण्याचा आपलाही हक्क आहे. थोडी पूर्वतयारी करून गेल्यास ही निराशा टळते.

जाणकार चव घेऊन १०० पैकी गुण देतात आणि ८० किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या कॉफीला स्पेशालिटी म्हणतात. तिच्या बिया बहुतेक वेळा हलक्या भाजतात, जेणेकरून त्या मळ्याची, उंचीची आणि बी वाळवण्याच्या पद्धतीची मूळ चव टिकून राहावी. आपण ज्याला कडकपणा म्हणतो तो मुख्यतः गडद भाजणीतून आणि चिकोरीतून येतो. इथे दोन्ही नसल्यामुळे कॉफी पातळ वाटते, आणि कोकमाच्या सारासारखा एक फळाचा आंबटपणा पुढे येतो. तो दोष नसून फळाचाच गुण आहे, कारण कॉफीची बी ही चेरीसारख्या लाल फळातली बी असते.

दुकान निवडताना सजावटीपेक्षा पाकिटांकडे पाहावे. पाकिटावर भाजणीची तारीख, देश, प्रदेश किंवा मळ्याचे नाव आणि बी वाळवण्याची प्रक्रिया छापलेली असेल, तर ते दुकान कॉफीबद्दल गंभीर आहे असे समजावे. नेदरलँड्समध्ये मात्र ‘कॉफीशॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात गांजा विकतात, म्हणून तिथे ‘कॅफे’ किंवा ‘एस्प्रेसो बार’ शोधावा (एस्प्रेसो म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली घोटभर दाट कॉफी). वेळही पाहून ठेवावी. मेलबर्न, सिडनीसारख्या शहरांत अशी अनेक दुकाने दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात. सकाळी कामावर जाणाऱ्यांची रांग ओसरल्यानंतर गेल्यास कॉफी करणाऱ्या व्यक्तीला आपल्याशी बोलायला सवड असते, आणि माझ्या मते या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग तोच असतो.

फळ्यावरची नावे वाचून गोंधळण्यापेक्षा आपण घरी काय पितो ते सरळ सांगावे: ‘मी दूध घातलेली, दाट कॉफी पितो आणि मला आंबटपणा फारसा आवडत नाही.’ एवढ्यावरून समोरची व्यक्ती बहुधा फ्लॅट व्हाइट किंवा कोर्टाडो (एस्प्रेसोत वाफेने तापवलेले दूध घालून केलेले प्रकार) सुचवेल, आणि दुधाशिवाय घ्यायची असल्यास ब्राझीलची किंवा भारताची, थोडी अधिक भाजलेली बी सुचवेल. भारतातील कॉफी आहे का, हे आवर्जून विचारावे. चिक्कमगळूर, कोडगू आणि बाबाबुडनगिरी येथील अरेबिका जातीच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि आपल्या राज्यातील मळ्याची कॉफी तिथे मिळाली, तर ती चिकोरी आणि साखरेशिवाय कशी लागते हे समजण्याची ती उत्तम संधी आहे.

हाताने ओतून केलेली कॉफी मागवल्यास घाई नसावी. सुमारे १५ ग्रॅम पुडीवर ९० ते ९६ अंशांचे २५० मिलिलिटर पाणी टप्प्याटप्प्याने ओततात आणि त्याला तीनेक मिनिटे लागतात. गाडी पकडायची असेल, तर आधीच करून ठेवलेली फिल्टर कॉफी (आपल्याकडची चिकोरीची नव्हे, नुसती गाळून काढलेली बिनदुधाची) घ्यावी, जी स्वस्तही असते. कप हाती आल्यावर लगेच मत बनवू नये. कॉफी निवत जाते तसा तिचा गोडवा आणि सुगंध अधिक कळतो, म्हणून एक घोट गरम, एक थोड्या वेळाने आणि एक कोमट झाल्यावर असा घेऊन पाहावा. दोघे असल्यास एकच मागवून रिकामा कप मागण्यात काहीही गैर नाही. एस्प्रेसो मात्र आधी पाणी पिऊन, चमच्याने ढवळून लगेच प्यावा.

दुधाची कॉफी कोमट वाटण्याचे कारणही लक्षात घ्यावे. तिथे दूध उकळत नाहीत, वाफेने साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्या तापमानाला दुधाची गोडी सर्वाधिक जाणवते. बरोबर वडीलधारी मंडळी असतील आणि त्यांना कढतच हवी असेल, तर तसे नम्रपणे सांगावे. त्यांच्या समाधानापुढे थोडी चव गेली तरी चालेल. रात्रीच्या झोपेची काळजी असणाऱ्यांसाठी कॅफिन काढलेली कॉफी मागावी. साखर आधी न घालता दोन घोटांनंतर ठरवावी.

बहुतेक ठिकाणी काउंटरवर मागणी नोंदवून पैसे आधी द्यावे लागतात. काही दुकाने रोख घेत नाहीत, म्हणून कार्डवरील परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावेत. जपानमध्ये टिप देत नाहीत. इटलीत उभ्याने पिण्याचा आणि बसून पिण्याचा दर वेगळा असू शकतो. छोट्या दुकानात खुर्च्या मोजक्याच असतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी कप संपल्यावर जागा मोकळी करावी.

घरी आणण्यासाठी पाकीट घ्यायचे झाल्यास ताज्या तारखेचे आणि शक्यतो अख्ख्या बियांचे घ्यावे. घरी दळण्याची सोय नसेल आणि स्टीलच्या फिल्टरमध्ये करायची असेल, तर ते दुकानात स्पष्ट सांगून मध्यम भाजणीची बी थोडी बारीक दळून घ्यावी. चिकोरी नसल्यामुळे पाणी लवकर खाली उतरते आणि डिकॉक्शन पातळ होते, म्हणून पुडीही नेहमीपेक्षा अधिक घालावी लागते. बेळगावच्या पावसाळ्यातील दमट हवेत उघडे पाकीट लवकर सादळते, तेव्हा पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजबाहेर आणि उन्हापासून दूर ठेवावी, आणि दळून आणलेली असल्यास उघडल्यावर शक्य तितक्या लवकर संपवावी.