डाउनस्विंगमध्ये हिप्स फिरवताय? मग या चुका टाळा

गोल्फ शिकायला लागलं की पहिल्याच महिन्यात कोणीतरी सांगतं, "हिप्स फिरव, जोरात फिरव, बॉल लांब जातो की नाही बघ." सल्ला खोटा नाहीये पण अर्धवट आहे, आणि तेवढ्यावर लोक वर्षानुवर्षं स्लाइस (हवेत उजवीकडे वळत जाणारा बॉल) मारत बसतात. माझं मत सांगतो, आपल्यासारख्या हौशी लोकांच्या हिप्सचा स्पीड सहसा कमी नसतो, चुकतं ते टायमिंग. (खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा.)

आधी नॉर्मल काय ते बघा. टॉपला, म्हणजे क्लब मागे पूर्ण वर गेल्यावर, खांदे साधारण 90 अंश वळलेले असतात आणि हिप्स त्याच्या निम्मे, 45च्या आसपास. तिथून खाली येताना, म्हणजे डाउनस्विंगमध्ये, आधी वजन डाव्या पायाकडे जातं, मग हिप्स, मग छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लब. इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागताना, चांगल्या प्रोचे हिप्स टार्गेटकडे 35 ते 45 अंश उघडलेले दिसतात, खांदे त्यापेक्षा कमी. जुना अमेरिकन चॅम्पियन बेन होगनपण डाउनस्विंग हिप्सनेच सुरू करायला सांगायचा, पण होगनची सुरुवातीची सगळी झुंज हूकशी (स्लाइसच्या उलट, डावीकडे वळणारा बॉल) होती हे लोक विसरतात. स्लाइस मारणाऱ्याने त्याचं औषध घेतलं तर दुखणं वाढणारच ना.

म्हणूनच सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्पिन आउट. टॉपवरून खाली यायच्या आधीच हिप्स गर्रकन फिरतात, वजन उजव्या पायावरच राहतं, उजवा खांदा पुढे ढकलला जातो आणि क्लब बाहेरून आत येतो. मग फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) बंद म्हणजे डावीकडे वळलेला असेल तर बॉल सरळ डावीकडे, उघडा असेल तर मोठा स्लाइस, आणि आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) मारलं तर डिव्हॉट, म्हणजे उखडलेल्या गवताचा खड्डा, डावीकडे तोंड करून पडलेला. फिनिशला डाव्या पायावर उभं राहता येत नाही, मागे तोल जातो, ही पक्की खूण. यावर मला सगळ्यात जास्त पटलेलं ड्रिल म्हणजे स्टेप ड्रिल: दोन्ही पाय जवळ ठेवून उभं राहा, बॅकस्विंग संपत आला की डावा पाय टार्गेटकडे टाका आणि मगच मारा. पाय पडल्याशिवाय हिप्स फिरवताच येत नाहीत, त्यामुळे क्रम आपोआप लागतो. सात नंबरचं आयर्न घ्या, निम्म्या ताकदीने मारा, सुरुवातीला बॉल कुठेही जाईल, जाऊ दे.

पण एक गोष्ट ह्याच्याही आधी तपासा, ती म्हणजे ग्रिप. ग्रिप वीक, म्हणजे डावा हात क्लबवर फार डावीकडे वळलेला, असेल तर फेस उघडा येतो, बॉल उजवीकडे पळतो, मग शरीर स्वतःच काहीतरी जुगाड करून त्याला डावीकडे ओढायला लागतं आणि आपण दोष देतो हिप्सना. अ‍ॅड्रेसला, म्हणजे बॉलसमोर मारायला उभं राहिल्यावर, डाव्या हाताच्या बोटांच्या दोन-अडीच गाठी वरून दिसतायत का ते बघा, फक्त एकच दिसत असेल तर आधी ते सुधारा.

दुसरी चूक स्लाइड. आपल्याकडे बरेच जण क्रिकेटमधून गोल्फमध्ये येतात, भात कापून झाल्यावर शेतात टेनिस बॉल खेळलेले, फ्रंट फुटवर झुकायची सवय अंगात मुरलेली. हिप्स फिरतच नाहीत, नुसते टार्गेटकडे सरकतात, डोकं मागे राहतं, आणि बॉल उजवीकडे पुश होतो नाहीतर क्लब बॉलच्या आधी जमिनीत. थोडं सरकणं चालतं, किंबहुना लागतंच, पण डावा हिप डाव्या पावलाच्या बाहेर जाता कामा नये. रेंजवर डाव्या पावलाच्या बाहेर काठी रोवून सराव करतात, पण उन्हाळ्यात आपल्या जांभ्या जमिनीत काठी घुसत नाही, तेव्हा घरीच दाराच्या चौकटीपासून चार बोटं अंतरावर डावा हिप ठेवून उभे राहा, क्लब न घेता. हळूच चौकटीला टेकायचं आणि मग टेकल्या जागीच मागे वळायचं.

तिसरी चूक अर्ली एक्स्टेन्शन, म्हणजे इम्पॅक्टला कंबर बॉलच्या दिशेने पुढे येते आणि माणूस उभा होतो. शँक (बॉल क्लबच्या दांड्याजवळ लागणं), टॉप (बॉलच्या वरच्या भागावर लागणं), कधी हूक, सगळंच. ड्रिल सोपं आहे, भिंतीला नितंब टेकवा, बॅकस्विंगला उजवा टेकलेला राहतो, खाली येताना डावा भिंतीला लागला पाहिजे. मात्र अ‍ॅड्रेसला वजन चवड्यांवर असेल किंवा बॉल फार जवळ असेल तर ड्रिल करून काही होणार नाही.

चौथी, हिप्स मध्येच थांबतात आणि मनगटं बॉलला उचकवतात. प्रोचे हिप्स पण इम्पॅक्टच्या आधी स्लो होतात, त्याशिवाय वेग वर छातीत आणि हातात जाणार कसा, पण ते थांबत नाहीत. अर्धे स्विंग मारा आणि प्रत्येक वेळी बेल्टचं बक्कल टार्गेटकडे येईपर्यंत थांबू नका.

आता वयाचा आणि खुर्चीचा भाग. खुर्चीत बसून, गुडघा हलू न देता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला उचला. ते फारच कमी जात असेल तर हिप आतून वळतच नाहीये, आणि त्याला जबरदस्ती केली की ताण कंबरेवर नाहीतर गुडघ्यावर येतो. डाव्या पायाचा चवडा 20 ते 30 अंश बाहेर वळवून उभे राहा, लगेच मोकळं वाटेल. टायगर वुड्स डावा गुडघा झटक्यात सरळ करायचा आणि 2008ला यूएस ओपन जिंकल्यावर त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे त्याचे जुने व्हिडिओ बघून तो झटका कॉपी करू नका. कंबर आधीच दुखत असेल तर आधी फिजिओ, मग रेंज.

व्हिडिओ काढताना फोन हातांच्या उंचीवर, टार्गेट लाइनला समांतर मागे ठेवा आणि स्लो मोशन लावा. स्पिन आउट आणि अर्ली एक्स्टेन्शन इथून दिसतं, स्लाइड बघायला समोरून. एका वेळी एकच चूक धरा.

पावसाळ्याचं वेगळं. काणकोणच्या राजबागेत नऊ होलचं कोर्स आहे, पण गोव्याच्या जून-जुलैमध्ये ओल्या गवतावर उजवा पाय सटकला की माणूस हिप्सचा वेग आपोआप आवरतो आणि तीच सवय लागते. स्पाइक्स झिजले असतील तर बदला, घरच्या बाल्कांवमध्ये क्लबशिवाय स्टेप ड्रिल चालू ठेवा, आणि क्लब घेतलाच तर वेजसारखा आखूड घ्या, वर पंखा आहे.