नको असलेली व्हीपीसी पीअरिंग रिक्वेस्ट कशी नाकारायची

एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) कन्सोलमध्ये ‘पेंडिंग अ‍ॅक्सेप्टन्स’ अशी पीअरिंग रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्याची व्हीपीसी (क्लाउडमधलं खासगी नेटवर्क) तुमच्या व्हीपीसीशी थेट जोडण्याची विनंती, दिसतेय आणि ती कुणाची, हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नाही? मग ती नाकारा. नाकारल्याने पाठवणाऱ्याला तुमच्या अकाउंटची किंवा व्हीपीसीची कसलीही माहिती मिळत नाही. रिक्वेस्ट पाठवायला त्याला तुमचा १२ अंकी अकाउंट आयडी आणि व्हीपीसी आयडी एवढंच पुरतं, आणि हे दोन्ही स्क्रीनशॉटमधून नाहीतर गिटच्या रेपोमधून सहज बाहेर जातात. कुणी न बघता होकार देतंय का, म्हणून अनोळखी अकाउंटवरून असा खडा टाकून पाहिला जाऊ शकतो.

मात्र अनोळखी आकडा दिसला म्हणजे लबाडीच असं नाही. मोंगोडीबी अ‍ॅटलससारख्या सेवेत तुमच्याच माणसाने पीअरिंग मागितलं, की रिक्वेस्ट त्यांच्या अकाउंटवरून तुमच्याकडे येते. म्हणून ओळीवर क्लिक करून खालच्या तपशिलात रिक्वेस्टरचा (पाठवणाऱ्याचा) ओनर आयडी म्हणजे अकाउंट आयडी, त्याची व्हीपीसी, रीजन (एडब्ल्यूएसचा भौगोलिक विभाग) आणि सीआयडीआर रेंज (नेटवर्कच्या आयपी पत्त्यांचा पट्टा) बघा. नावाचा रकाना रिकामा असेल तर त्यावरून काही ठरवू नका. पाठवणाऱ्याने लावलेले टॅग दुसऱ्या अकाउंटला दिसतच नाहीत. ओनर आयडी आधी स्वतःच्या ऑर्गनायझेशनमधल्या अकाउंटच्या यादीशी ताडा, मग डेटाबेस आणि प्लॅटफॉर्म सांभाळणाऱ्यांना विचारा. तरीही धनी सापडला नाही, तर पुढे चला.

१. व्हीपीसी कन्सोल उघडा आणि वर उजवीकडे रीजन तपासा. रिक्वेस्ट ज्या व्हीपीसीला आलीय, तिच्याच रीजनमधून नकार देता येतो. व्हीपीसी मुंबईत आणि तुम्ही हैदराबाद रीजन उघडून बसलात, तर यादी रिकामीच दिसणार. ‘रिक्वेस्ट सापडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

२. डावीकडच्या यादीत ‘पीअरिंग कनेक्शन्स’ निवडा.

३. ओळ निवडा. पीअरिंगचा आयडी आणि रिक्वेस्टरचा ओनर आयडी तिकिटात उतरवून ठेवा. अकाउंट वेगवेगळे असतील तर नाकारल्यानंतर ही ओळ तुमच्याकडे फक्त २ तास दिसते. पाठवणाऱ्याकडे २ दिवस राहते.

४. ‘अ‍ॅक्शन्स’मधून ‘रिजेक्ट रिक्वेस्ट’ आणि विचारल्यावर पुन्हा ‘रिजेक्ट रिक्वेस्ट’. त्याच मेनूत ‘अ‍ॅक्सेप्ट रिक्वेस्ट’ही असतं, तेव्हा घाई नको.

कारण लिहायला इथे रकाना नाही. समोरचा ओळखीचा असेल, तर नकार का दिला ते वेगळं कळवावं लागतं.

कमांडलाइनवर हेच काम ईसी-टूच्या ‘रिजेक्ट व्हीपीसी पीअरिंग कनेक्शन’ कमांडने होतं; पीअरिंगचा आयडी आणि रीजन द्यायचं. प्रोफाइलमधलं डीफॉल्ट रीजन वेगळं असेल तर आयडी सापडत नसल्याची एरर येते. परवानगीची एरर आली तर आयएएम (एडब्ल्यूएसमध्ये कुणाला काय करता येईल ते ठरवणारी सेवा) पॉलिसीत याच नावाची अ‍ॅक्शन आहे का ते बघा. नाकारायची परवानगी सढळ हाताने द्यावी, स्वीकारायची मोजक्याच लोकांना.

नकार फक्त ‘पेंडिंग अ‍ॅक्सेप्टन्स’ अवस्थेतच चालतो. ‘फेल्ड’ दिसत असेल, उदाहरणार्थ दोन्हीकडच्या आयपी रेंज एकमेकींवर येत असल्याने, तर काही करायची गरज नाही. ती ओळ २ तासांनी आपोआप जाते. रिक्वेस्ट तुम्हीच पाठवली असेल, तर ती ‘डिलीट’ करून मागे घ्यायची.

काहीच केलं नाही तर ७ दिवसांनी रिक्वेस्ट ‘एक्स्पायर’ होते. त्यावर विसंबून राहणं आम्हाला पटत नाही. तेवढ्या दिवसांत परवानगी असलेला कुणीही तिला होकार देऊ शकतो. शिवाय नकार दिला की तो कुणी आणि कधी दिला याची क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या कृतींच्या नोंदवहीत, नोंद होते.

चुकून होकार गेलाच, तर घाबरू नका, पण रेंगाळूही नका. नुसत्या स्वीकारण्याने ट्रॅफिक सुरू होत नाही. दोन्हीकडच्या राउट टेबलमध्ये (ट्रॅफिक कुठे पाठवायचं ते सांगणाऱ्या तक्त्यात) नोंदी लागतात आणि सिक्युरिटी ग्रुपनेही (फायरवॉलच्या नियमांनीही) वाट द्यावी लागते. आता ‘रिजेक्ट’ चालणार नाही, ‘डिलीट पीअरिंग कनेक्शन’ करा. दरम्यान कुणी राउट टाकले असतील तर ते काढण्याचा पर्याय तिथेच निवडा, नाहीतर ते ‘ब्लॅकहोल’ (कुठेच न नेणारे) होऊन पडून राहतात.

नकार म्हणजे बंदी नव्हे. तोच अकाउंट उद्या पुन्हा रिक्वेस्ट पाठवू शकतो. असं वारंवार होत असेल, तर ऑर्गनायझेशनच्या पातळीवर सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी (अकाउंटमधल्या परवानग्यांवर मर्यादा घालणारा नियम) लावून नेटवर्क टीमचा रोल सोडून बाकी सगळ्यांना पीअरिंग स्वीकारण्यास मनाई करा. ही पॉलिसी मॅनेजमेंट अकाउंटला (ऑर्गनायझेशनच्या मुख्य अकाउंटला) लागू होत नाही. तिथे व्हीपीसी असतील तर आयएएमच्या परवानग्या वेगळ्या आवळाव्या लागतील.