तेल्या आणि तांबे: मृग बहारात फवारणीआधी हे लक्षात घ्या

मृग बहार धरलेल्या डाळिंब बागांत रिमझिम आणि ढगाळ हवा टिकली की पानांवर पाणचट, तेलकट ठिपके दिसू लागतात. हा तेल्या, म्हणजे जिवाणूमुळे होणारा डाळिंबाचा रोग. तो दिसला की हात आधी तांबेयुक्त औषधाकडे जातो. तांबे जरूर वापरा, पण जिवाणू त्याला कसे तोंड देतो हे समजून वापरा.

जिवाणूलाही तांबे लागते, श्वसनाच्या काही विकरांपुरते (विकर म्हणजे एन्झाइम). जास्त झाले की लोह-गंधक असलेली विकरे निकामी होतात. म्हणून पेशीत कडक पहारा असतो. ई. कोलाय या जिवाणूत ‘क्यू-आर’ नावाचे प्रथिन इतके संवेदनशील असते की तांब्याचा एखादा मोकळा आयनही त्याला कळतो. लगेच ‘कॉप-ए’ पंप तयार होऊ लागतात आणि ऊर्जा खर्चून तांबे पेशीरसाबाहेर ढकलतात.

तेल्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला. या कुळातल्या काही जिवाणूंकडे याहून भक्कम तांबेरोधी जनुके असतात. ती बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर असतात. फ्लोरिडात मिरचीवरच्या अशा जिवाणूंची नोंद 1983 मध्येच झाली. ही जनुके तांबे जाणवले की जोरात कामाला लागतात. त्यामुळे ‘अर्धा डोस, पण दर आठ दिवसांनी’ ही पद्धत मला सर्वांत घातक वाटते: जिवाणू मरत नाही, उलट सावध होतो, आणि तग धरणारे तेवढे वाढतात.

तांबे पानात शिरत नाही, पृष्ठभागावरच काम करते. आत शिरलेल्या जिवाणूला ते मारू शकत नाही. तेव्हा आधी बागेतला जिवाणूच कमी करा. रोगट फांद्या डागाच्या खालून निरोगी भागापर्यंत छाटा, तडकलेली फळे व गळलेली पाने गोळा करून बागेबाहेर जाळा. प्रत्येक झाडानंतर कात्री 1 टक्का सोडिअम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. हे काम पाने कोरडी असतानाच करा. ओल्या बागेत माणसाच्या हातांनी आणि कपड्यांनी रोग पसरतो.

बागेच्या विश्रांतीच्या काळात 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) उत्तम. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिक ड्रममध्ये विरघळवा, मग दोन्ही एकत्र ओतून 100 लिटर करा. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, चुन्याची आणखी निवळी घाला, नाहीतर पाने करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरे कीटकनाशक मिसळू नका.

फुले आणि कोवळी फळे असताना, सतत ओल असलेल्या हवेत तांबे टाळा, डाग पडतात. बाकी वेळी मात्रा लेबलप्रमाणे पूर्ण ठेवा आणि पानाची खालची बाजूही भिजवा.

तांबे जमिनीत कुजत नाही, साचत जाते. जुन्या बागेत पुढचे माती परीक्षण कराल तेव्हा त्यात तांबेही तपासायला सांगा.